प्रोग्रॅममध्ये लिमिट आहे, तरी मॉसफेट का उडतो?



मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. "सर, कोडमध्ये करंट लिमिट टाकलंय, तरी मॉसफेट उडतातच. का?" आज त्यावरच बोलू, आणि उदाहरण घेऊ दिल्लीच्या ई-रिक्षाचं. मी नोएडात राहतो. मेट्रो स्टेशनाबाहेर पडलं की ही वाहनं रांगेत उभी असतात. सीटखाली 12 व्होल्टच्या चार लेड-ॲसिड बॅटऱ्या, म्हणजे 48 व्होल्ट, आणि एक ॲल्युमिनियमचा डबा. तो डबा म्हणजे कंट्रोलर. तो जळला की चालकाचा दिवस गेला. रिक्षा भाड्याची असली तर मालकाचं भाडं काही थांबत नाही.

आता जरा हिशोब. कॉइलमधला करंट किती वेगाने चढतो? व्होल्टेज भागिले इंडक्टन्स. मोटरच्या वाइंडिंगचं इंडक्टन्स 100 मायक्रोहेन्री धरलं, तर 48 व्होल्टवर दर मायक्रोसेकंदाला अर्धा अँपिअर. हे सांभाळता येतं. पण मोटरकडे जाणाऱ्या दोन वायरींचं इन्सुलेशन घासून त्या एकमेकींना चिकटल्या, तर इंडक्टन्स उरतं एखाद-दुसरं मायक्रोहेन्री. मग मायक्रोसेकंदाला 48 अँपिअर! तुमचा पीडब्ल्यूएम 16 किलोहर्ट्झचा असेल तर एक सायकल 62.5 मायक्रोसेकंदांची. सायकलमध्ये एकदा एडीसी वाचायचा, इंटरप्टमध्ये तुलना करायची आणि पुढच्या सायकलला ड्यूटी कमी करायची, तोवर मॉसफेट संपलेला असतो.

फौजेत संत्री गोळी चालली की हेडक्वार्टरला फोन लावून परवानगी मागत बसत नाही. त्याला स्टँडिंग ऑर्डर आधीच दिलेली असते. इथे तो संत्री म्हणजे कंपॅरेटर. प्रोसेसरने फक्त मर्यादा ठरवायची, म्हणजे डॅकमध्ये आकडा भरायचा. करंटने ती ओलांडली की कंपॅरेटरने सरळ हार्डवेअरमधून पीडब्ल्यूएम खाली ओढायचा, मध्ये एकही ओळ कोड नाही. एसटीएम32 च्या मोटर टायमरमध्ये यासाठी ब्रेक इनपुट आहे, सी2000 मध्ये ट्रिप झोन आहे. आर्डुइनो उनोच्या एटीमेगा328 मध्ये कंपॅरेटर आहे, पण तो पीडब्ल्यूएम थेट बंद करू शकत नाही. म्हणून उनोवर पॉवर कन्व्हर्टर करायचा तर बाहेर वेगळा कंपॅरेटर आणि लॅच लावाच.

दुसरी गोष्ट, शंट. स्वस्त कंट्रोलरमध्ये तो बॅटरीच्या निगेटिव्हला असतो आणि पुढे मोठा आरसी फिल्टर. फिल्टर सरासरी दाखवतो. सात सवाऱ्या घेऊन रिक्षा चढावर अडली की मोटर फिरत नाही, बॅक ईएमएफ शून्य. ड्यूटी 10 टक्के असेल तर बॅटरीतून सरासरी 10 अँपिअर निघतात, पण वाइंडिंगमधून 100 वाहत असतात. मीटरवर सगळं आलबेल, आत मॉसफेट भाजतोय. त्यात मे महिन्यातली दिल्ली. डेटाशीटच्या पहिल्या पानावरचा करंट हा केसचं तापमान 25 अंश धरून दिलेला असतो, हे विसरू नका.

म्हणून शिखर मोजायचं. पण मॉसफेट चालू होतानाच डायोडच्या रिव्हर्स रिकव्हरीमुळे एक खोटा टोकदार झटका येतो. तो दिसू नये म्हणून सुरुवातीचे काहीशे नॅनोसेकंद कंपॅरेटरला आंधळा ठेवतात, याला ब्लँकिंग म्हणतात. ते गरजेपुरतंच ठेवा. खऱ्या शॉर्टमध्ये तेवढा वेळ करंट मोकाट चढतो. मॉसफेट बंद झाल्यावर त्याला खाली आणायला जेमतेम डायोडचा ड्रॉप असतो. मग प्रत्येक सायकलला थोडा थोडा चढत तो जिना चढल्यासारखा वर जाऊ शकतो. यासाठी वरच्या पातळीवर दुसरी मर्यादा ठेवा, आणि ती लागली की लॅच. थ्रॉटल शून्यावर आणल्याशिवाय पुन्हा सुरू नाही.

ड्यूटी 50 टक्क्यांच्या वर गेली की आणखी एक भानगड होते. एक पल्स लांब, एक आखूड, असं सुरू होतं. 16 किलोहर्ट्झची मोटर 8 किलोहर्ट्झवर किणकिणते, तरुण कानांना छान ऐकू येतं. उपाय जुनाच आहे, स्लोप कॉम्पेन्सेशन. मर्यादा सायकलभर उतरती ठेवायची, आणि तो उतार करंटच्या उतरत्या उताराच्या निम्म्यापेक्षा कमी नको.

शेवटचं, टेबलावर काम करणाऱ्यांसाठी. डीबगरमध्ये ब्रेकपॉइंट लावला की प्रोसेसर थांबतो, पण सेटिंग बदललं नसेल तर पीडब्ल्यूएम चालूच राहू शकतो. आधी ते सेटिंग तपासा. रीसेटच्या वेळी पिना तरंगतात, त्यामुळे गेट ड्रायव्हरच्या प्रत्येक इनपुटला 10 किलोओहमचा पुल-डाउन हवा. आणि पहिल्यांदा बॅटरी जोडताना सिरीजमध्ये गाडीच्या हेडलाइटचे बल्ब लावा, 12 व्होल्टचे चार, ओळीने. बल्ब भक्कन पेटले तर शॉर्ट आहे, आणि मॉसफेट अजून शाबूत आहे.

पुढच्या भागात गेट ड्रायव्हर घेऊ. प्रश्न खाली लिहा.