आवाजाची किंमत

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

हे भाषण ऐकणाऱ्यांत काही जण दृष्टिहीन असतील. रेडिओने त्यांच्यासाठी वेगळा दर लावलेला नाही. डोळस माणूस ज्या किमतीला रेडिओ घेतो, त्याच किमतीला तेही घेतात आणि त्याच बातम्या, तीच गाणी ऐकतात. संगणकाचे मात्र तसे झाले नाही. दोघांनी सारखेच पैसे मोजून सारखाच संगणक घरी आणला, तर डोळस माणूस त्याच दिवशी कामाला बसे. दृष्टिहीन माणसाला मात्र आणखी एक वस्तू विकत घ्यावी लागे आणि कित्येक वर्षे ती वस्तू संगणकाइतकी, कधी त्याहूनही महाग होती. आज त्या किमतीविषयी थोडे बोलायचे आहे. मी तंत्रज्ञ नाही, कविता लिहिणारा साधा बी.ए. झालेला माणूस आहे. पण शब्द वाचणाऱ्यापर्यंत कसा पोचतो, हा प्रश्न कवीचाही आहेच.

पूर्वी दृष्टिहीन माणसाला वाचायचे तर दुसऱ्याचे डोळे उसने घ्यावे लागत. इसवी सन ९७३ मध्ये जन्मलेला अरबी कवी अबुल अला अल-मअर्री याची दृष्टी बालपणीच देवीच्या आजारात गेली. आपले ग्रंथ तो तोंडाने सांगे आणि लेखनिक ते उतरवून घेत. आपल्याकडे उत्तरेत अंध मुसलमानाला आदराने ‘हाफिजजी’ म्हणण्याची रीत आहे, कारण अनेक अंध मुले कुराण मुखोद्गत करीत. पाठांतर हाच त्यांचा ग्रंथ. पुढे १८२९ साली लुई ब्रेलने आपली लिपी प्रसिद्ध केली आणि बोटांना वाचता येऊ लागले. भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल १९५१ साली ठरली. पण ब्रेल पुस्तके जाडजूड असतात, छपाई महाग पडते आणि बहुसंख्य पुस्तके ब्रेलमध्ये येतच नाहीत.

संगणकाने हे चित्र पालटले. त्यासाठी जे सॉफ्टवेअर लागते, त्याला ‘स्क्रीन रीडर’ म्हणतात. पडद्यावर जे अक्षर, जे बटण, जी यादी असेल ती हे सॉफ्टवेअर आवाजात वाचून दाखवते. माऊस लागत नाही. सारे काम कळफलकावरून होते. यांतले सर्वांत गाजलेले नाव ‘जॉज’. ते तयार करणाऱ्या कंपनीचा संस्थापक टेड हेंटर हा अमेरिकन गृहस्थ मोटरसायकलच्या शर्यतींत भाग घेत असे. १९७८ साली मोटार अपघातात त्याची दृष्टी गेली. १९८९ मध्ये जॉज बाजारात आले आणि जगभरच्या अंध माणसांना त्याने नोकऱ्या मिळवून दिल्या, हे मान्य करायलाच हवे.

अडचण होती ती किमतीची. २००५ च्या सुमारास जॉजची साधी आवृत्ती सुमारे ९०० डॉलरची आणि व्यावसायिक आवृत्ती सुमारे ११०० डॉलरची होती. तेव्हा डॉलर ४५ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे चाळीस ते पन्नास हजार रुपये झाले. सवलत मिळाली, तरी खेड्यातून शिकायला आलेल्या मुलाच्या बापाला हा आकडा झेपणारा नव्हता. शिवाय नवी आवृत्ती आली की पुन्हा पैसे. परवाना नसेल तर जॉज एका वेळी ४० मिनिटे चालते, मग संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. कित्येकांनी संगणक असाच, चाळीस-चाळीस मिनिटांच्या तुकड्यांत शिकला. काहींनी चोरून केलेल्या प्रती वापरल्या. त्यांना नावे ठेवण्याआधी आपण त्यांच्या जागी उभे राहून पाहावे.

किंमत एवढी का? केवळ नफेखोरी म्हणून सोडून देता येत नाही. गिऱ्हाईक थोडे, काम अवघड आणि विंडोज बदलले की तेच काम पुन्हा. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. अमेरिकेत हा खर्च पुष्कळदा मालक किंवा सरकारी पुनर्वसन खाते उचलते. किंमत ठरली ती त्यांच्या खिशाकडे पाहून. आपल्याकडे पैसे द्यायचे होते ते वापरणाऱ्याने स्वतः. औषध एका देशाच्या हिशेबाने महाग करावे आणि रोगी दुसऱ्या देशात असावा, तसे हे झाले.

मग २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन या अंध तरुणाने स्वतःच स्क्रीन रीडर लिहायला घेतला. जेम्स टेह हा त्याचा अंध मित्र त्याला येऊन मिळाला. दोघांनी एक ना-नफा संस्था काढली आणि ‘एनव्हीडीए’ नावाचे हे सॉफ्टवेअर सर्वांना मोफत दिले. ते पेनड्राइव्हवरूनही चालते आणि जगातल्या पन्नासहून अधिक भाषांत त्याचे भाषांतर झाले आहे. विंडोज वापरणाऱ्या अंध माणसासाठी चाळीस हजारांची भिंत अशी कोसळली. मोबाईलवर तर बोलण्याची सोय फोनबरोबरच येऊ लागली. २००९ साली आयफोन आणि अँड्रॉइड दोहोंत ती आली. मात्र मोफत म्हणजे बिनखर्ची नव्हे. एनव्हीडीए देणग्यांवर आणि अनुदानांवर चालते. तो खर्च कुणीतरी उचलते, म्हणून आपल्याकडे बिल येत नाही, एवढेच.

मग प्रश्न सुटला का? नाही. माझ्या परिचयातला एक अंध पदवीधर राखीव जागेवर एका कार्यालयात लागला. त्याला टेबल मिळाले, संगणक मिळाला. बोलणारे सॉफ्टवेअर मागितले, तेव्हा उत्तर आले, “तशी तरतूद नाही.” मग तो म्हणाला, “साहेब, मोफतचे आहे, मीच आणतो.” त्यावर, बाहेरचे काही संगणकात घालायची परवानगी नाही! चार महिने हा मुलगा नुसते फोन उचलत बसला. सहकारी त्याच्याशी प्रेमाने वागत, पण काम देत नसत. पगार मिळत होता. त्याला हवी होती ती कामाची फाइल. परवानगी मिळाली, तेव्हा आठवड्याभरात तो कार्यालयाचा पत्रव्यवहार पाहू लागला. त्या कार्यालयात डोळस कारकुनाला कुणी सांगितले का, की संगणकाचा पडदा तुम्ही घरून आणा? पडदा त्याच्या डोळ्यांसाठी असतो आणि तो कार्यालयाच्या खर्चाने येतो. आवाज तेवढा अंधाने स्वतःच्या खर्चाने आणावा, हा कुठला न्याय?

कायदा याबाबतीत स्पष्ट आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी आस्थापनांवर अशा कर्मचाऱ्यासाठी योग्य ती सोय करण्याची जबाबदारी टाकली आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग मानला. २०११ च्या जनगणनेत दृष्टिदोष असलेल्यांची संख्या ५० लाखांवर होती. एवढ्या माणसांचा हक्क ‘तरतूद नाही’ या दोन शब्दांवर अडू नये.

आता थोडे मराठीविषयी. एका अंध वाचकाने माझ्या कवितासंग्रहाची फाइल मागितली. मुद्रकाकडून ती आणून दिली. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, “सर, हे मराठी नाही. नुसत्या खुणा आणि इंग्रजी अक्षरे वाचतंय.” कारण मजकूर जुन्या फॉन्टमध्ये होता. डोळ्यांना ‘पाऊस’ दिसतो, पण संगणकाच्या लेखी तो पाऊस नसतोच. मजकूर युनिकोडमध्ये असेल, तरच स्क्रीन रीडर मराठी ओळखतो. मराठीतली किती पुस्तके, परिपत्रके आणि अर्ज अशा जुन्या फॉन्टमध्ये किंवा नुसत्या छायाचित्राच्या रूपात पडून आहेत! तिथे मोफत सॉफ्टवेअरही मुके होते. आम्ही त्या कविता युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करून घेतल्या. यंत्राच्या कोरड्या आवाजात त्या मीही ऐकल्या. विराम चुकत होते, भाव तर नव्हताच. मी तसे म्हणालो, तेव्हा तो वाचक हसला. “भावाचं मी बघतो सर, तुम्ही फक्त शब्द पोचू द्या.”

श्रोतेहो, यात प्रत्येकाला करण्यासारखे काही ना काही आहे. प्रकाशकांनी युनिकोडमधली प्रत जपून ठेवावी. कार्यालयांनी संगणक खरेदीच्या यादीतच आवाजाची सोय लिहावी. महाविद्यालयांनी ग्रंथालयातल्या एका तरी संगणकावर एनव्हीडीए बसवावे. त्याला एक रुपयाही लागत नाही. ज्यांना शक्य आहे त्यांनी असे सॉफ्टवेअर चालवणाऱ्यांना वर्षातून एकदा देणगी द्यावी. आणि आपल्या शेजारी कुणी अंध विद्यार्थी असेल, तर त्याला पुस्तक वाचून दाखवाच; पण ते त्याचे त्याला कसे वाचता येईल, हेही एकदा विचारा.