आजीने सांगावे, नातवाने लिहावे

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात, बालक-पालक मेळाव्यात वाचन गटातर्फे केलेले भाषण)



फलकावर 'आफ्रिकेतल्या गोष्टी आणि आपली मुले' असा विषय वाचून काही जणांनी आम्हाला दारातच विचारले, "अहो, मराठी मंडळाच्या उत्सवात आफ्रिका कुठून आली?" प्रश्न रास्त आहे. उत्तराची सुरुवात याच मंडपातून करू.

काल येथे पाठांतर स्पर्धा झाली. मुलांनी छान म्हटले, भरपूर टाळ्या मिळवल्या. पण ज्यांनी त्यांच्या हातातल्या चिठ्ठ्या पाहिल्या असतील, त्यांना दिसले असेल की बऱ्याच चिठ्ठ्यांवर मराठी कविता इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या होत्या. एक-दोन तेलुगू अक्षरांतही होत्या. यात मुलांचा काही दोष नाही. शाळा इंग्रजी, सवंगडी तेलुगू नाहीतर हिंदी बोलणारे, आणि मराठी उरली स्वयंपाकघरात आणि सणासुदीला. हिंदीच्या तासामुळे देवनागरी अक्षरे ओळखीची आहेत, पण मराठी वाचायचा सराव नाही. 'ळ' तोंडाने बरोबर म्हणतात, कारण तो तेलुगूतही आहे. कागदावर दाखवला की अडतात.

आपली घरे निजामाच्या काळापासून या शहरात आहेत. जवळजवळ प्रत्येक घरात माळ्यावर एक ट्रंक आहे. तिच्यात आजोबांची पत्रे, हिशेबाच्या वह्या, आजीची पोथी. आज सतरंजीवर बसलेली ही मुले मोठी होतील, तेव्हा ती ट्रंक उघडून वाचणारे कोणी असेल का? हा आपल्यापुढचा खरा प्रश्न आहे. आफ्रिकेतल्या लोकांनी हाच प्रश्न आपल्यापेक्षा कितीतरी कठीण परिस्थितीत सोडवायला घेतला. म्हणून आज आफ्रिका.

तशी आफ्रिका आपल्याला परकी नाही. मासाब टँकजवळच्या ए.सी. गार्ड्सवरून आपण नेहमी जातो. मुलांनो, तिथला ए.सी. म्हणजे थंड हवेचे यंत्र नव्हे बरे का! निजामाच्या पदरी आफ्रिकन घोडेस्वारांचे पथक होते, 'आफ्रिकन कॅव्हलरी गार्ड्स'. त्यांच्यावरून ते नाव पडले. त्याही आधी, इथिओपियात जन्मलेला आणि गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभारी झाला. खडकी शहर त्याने वसवले. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले होते.

आता एक गोष्ट. पश्चिम आफ्रिकेतल्या घाना देशात अकान लोक राहतात. त्यांच्या गोष्टींत अनान्सी नावाचा एक कोळी असतो. कोळी म्हणजे जाळे विणणारा. अंगाने लहान, पण महालबाड. एकदा त्याने जगातले सगळे शहाणपण एका मडक्यात भरले. ते दुसऱ्या कोणाला मिळू नये, म्हणून उंच झाडावर लपवायला निघाला. मडके पोटाशी बांधलेले, त्यामुळे चढता येईना. खालून त्याचा लहान मुलगा म्हणाला, "बाबा, मडके पाठीला बांधा ना!" युक्ती बरोबर होती. अनान्सी चिडला. सगळे शहाणपण आपल्यापाशी असताना हे पोराला कसे सुचले? त्या रागात मडके हातून सुटले, फुटले आणि शहाणपण सगळ्या जगात पसरले.

ही गोष्ट आमच्या गटात वाचली तेव्हा सात वर्षांची एक मुलगी म्हणाली, "म्हणजे बाबांना सगळं येत नाही." तिचे वडील शेजारीच बसले होते. ते काही बोलले नाहीत, पण पुढच्या बैठकीला आजोबांनाही घेऊन आले.

या अनान्सीचा प्रवास मोठा आहे. घानाच्या किनाऱ्यावरून माणसांना साखळदंडांनी बांधून जहाजांत भरले आणि वेस्ट इंडीजमध्ये नेऊन विकले. त्यांच्याबरोबर सामान नव्हते. ओठांवर गोष्टी होत्या. जमैकात आजही अनान्सीच्या गोष्टी सांगितल्या जातात. आपले पूर्वज नोकरी-व्यवसायासाठी आपण होऊन येथे आले. त्या यातनांशी आपली तुलना होऊ शकत नाही. पण सगळे हिरावले गेले तरी गोष्ट टिकते, ती कोणीतरी रोज सांगत असेल तर, हे त्यांच्याकडून शिकावे.

दुसरे उदाहरण केनियाचे. न्गुगी वा थिओंगो हे फार मोठे लेखक. २०२५ मध्ये ते गेले. आपल्या बालपणाबद्दल त्यांनी लिहिले आहे. संध्याकाळी शेकोटीभोवती बसून घरातली मोठी माणसे गिकुयू भाषेत गोष्टी सांगत. त्यांत ससा असे. दुबळा, पण हुशार. शाळेत मात्र कारभार उलटा. शाळेच्या आवारात गिकुयू बोलताना मूल सापडले की छड्या मिळत, नाहीतर 'मी गाढव आहे' अशा मजकुराची पाटी गळ्यात अडकवत. स्वतःच्या आईची भाषा बोलल्याबद्दल ही शिक्षा!

पुढे न्गुगी इंग्रजीत लिहून जगप्रसिद्ध झाले. १९७७ मध्ये गावकऱ्यांसाठी त्यांनी गिकुयूत नाटक केले आणि त्यापायी वर्षभर विनाचौकशी तुरुंगात राहिले. तिथे शौचालयाच्या कागदावर त्यांनी आपली पहिली गिकुयू कादंबरी लिहिली. सुटल्यावर मुलांसाठी न्जांबा नेने या मुलाच्या गोष्टीही त्यांनी गिकुयूतच लिहिल्या. हे वाचताना आम्हाला साने गुरुजी आठवले. 'श्यामची आई' १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगातच लिहिली गेली. सगळे बंद झाल्यावरही दोघांना मायबोली आठवली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

तिसरे नाव दक्षिण आफ्रिकेचे नेव्हिल अलेक्झांडर. हेही तुरुंगातलेच. नेल्सन मंडेला होते त्या रॉबेन बेटावर त्यांनी दहा वर्षे काढली. १९९२ मध्ये त्यांनी केपटाऊनला 'प्रेसा' ही संस्था सुरू केली. मुलांना घरच्या भाषेत वाचनाची गोडी लागली पाहिजे, हे तिचे काम. २०१५ मध्ये या संस्थेला मुलांच्या साहित्यातला जगातला फार मोठा असा अ‍ॅस्ट्रिड लिंडग्रेन पुरस्कार मिळाला. तिच्यातूनच २०१२ मध्ये 'नालिबाली' ही चळवळ उभी राहिली. खोसा भाषेत या शब्दाचा अर्थ 'ही घ्या गोष्ट'. त्यांची युक्ती साधी. वर्तमानपत्राबरोबर दोन भाषांतली गोष्टींची पुरवणी द्यायची. कागद कापायचा, दुमडायचा, की मुलाच्या हातात त्याचे स्वतःचे पुस्तक. गावोगावी स्वयंसेवक वाचन मंडळे चालवतात.

चौथे उदाहरण जोहान्सबर्गच्या 'सायडे' संस्थेचे. २०१४ पासून त्यांनी 'आफ्रिकन स्टोरीबुक' नावाने चित्रांच्या छोट्या गोष्टी इंटरनेटवर मोफत ठेवल्या आहेत. कोणीही उतरवून घ्यावी, छापावी, स्वतःच्या भाषेत करावी. आज दोनशेहून अधिक भाषांत त्या आहेत. मुलांना त्यांच्या भाषेत वाचायला पुस्तकेच नव्हती. मग मोठ्या प्रकाशकांची वाट न पाहता शिक्षक आणि ग्रंथपालांनी स्वतःच गोष्टी लिहिल्या. झाडांशी बोलणाऱ्या खलाईची गोष्ट त्यातलीच. आई गेल्यावर सावत्र आईशी हळूहळू जुळवून घेणाऱ्या सिंबेग्विरेचीही. आपल्याकडे 'प्रथम बुक्स'ने २०१५ मध्ये 'स्टोरीवीव्हर' हे असेच दालन उघडले. तिथे मराठी गोष्टी भरपूर आहेत आणि आफ्रिकेतल्याही सापडतात.

आता कोणी म्हणेल, मायबोलीचे कौतुक ठीक, पण पोट इंग्रजीवर भरते. मान्य. आम्हीही मुलांना इंग्रजी शाळेतच घातले आहे. म्हणून मलावी देशातल्या विल्यम कामक्वांबाची गोष्ट सांगतो. २००१-०२ मध्ये तिथे दुष्काळ पडला. फी भरता आली नाही म्हणून विल्यमची शाळा सुटली. गावच्या प्राथमिक शाळेत एक छोटे वाचनालय होते. तिथे पवनचक्कीचे चित्र असलेले एक इंग्रजी पुस्तक त्याला मिळाले. इंग्रजी कच्चे. आकृत्या पाहून आणि शब्द जुळवून त्याने अर्थ लावला. सायकलची चौकट, ट्रॅक्टरचा पंखा, प्लॅस्टिकचे पाइप असे भंगार गोळा केले. लोक वेडा म्हणाले. पण पवनचक्की फिरली आणि घरात दिवा लागला. त्याचे पुस्तक २००९ मध्ये आले, पुढे त्याची चित्रकथा आणि चित्रपटही झाला. आमच्यासारख्या डिप्लोमावाल्याला ही गोष्ट जरा जास्तच आवडते! यात एक गोष्ट लक्षात घ्या. त्या मुलाला वाचायला कोणी भाग पाडले नव्हते आणि परीक्षाही नव्हती. पुस्तक हाताशी होते, एवढेच. पुस्तक मराठी असो वा इंग्रजी, हाताशी पाहिजे आणि मनापासून उघडले पाहिजे.

आमच्या वाचन गटाने गेल्या दिवाळीपासून दर दुसऱ्या रविवारी हाच प्रयोग केला. सुरुवातीला मुले कमी आणि बिस्किटे जास्त उरत. मग आम्ही स्वाहिली गोष्ट सांगणाऱ्यांची रीत उचलली. सांगणारा म्हणतो "पाउक्वा!" आणि ऐकणारे ओरडतात "पाकावा!" म्हणजे आम्ही तयार आहोत. त्या आरडाओरड्याने शेजारची तेलुगू मुलेही येऊ लागली. मग एकाच पानावर वर मराठी आणि खाली तेलुगू असे आम्ही वाचू लागलो. मराठी मुले त्या मुलांना मराठी शब्दांचे अर्थ सांगू लागली. आपल्याला काहीतरी जास्त येते, हा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच दिसला.

नंतर आम्ही आज्यांना बोलावले. एका आजींनी लहानपणी परभणीहून छोट्या रुळांच्या गाडीने हैदराबादला आल्याची हकीकत सांगितली. नातवाने ती आठ पानांच्या घडीपुस्तकात लिहिली, चित्रेही काढली. आजी म्हणाल्या होत्या, "आम्ही सगळे डब्यात बसलो." नातवाने जेवणाचा डबा काढला आणि त्यात सहा माणसे बसवली! सगळे हसले, आजी तर डोळे पुसेपर्यंत हसल्या. मग त्यांनी त्याला जवळ घेऊन रेल्वेचा डबा, त्यातली बाके, खिडकीतून येणारी कोळशाची कुसळे, सगळे पुन्हा सांगितले. एका शब्दापायी अर्धा तास आजी-नातू बोलत होते. हे घडले नसते, तर तो शब्द आणि ती हकीकत दोन्ही आजींबरोबरच गेली असती.

म्हणून आपल्या सर्वांना तीन विनंत्या. पहिली, रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटे मोबाइल बाजूला ठेवून एकाने मोठ्याने वाचावे. मूल अडले तर शब्द सांगून पुढे जावे, मार्क देऊ नयेत. दुसरी, पुस्तक मुलाला निवडू द्यावे. कोळ्याचे, माकडाचे, कसलेही. एकच गोष्ट दहा वेळा मागितली, तर दहा वेळा वाचावी. तिसरी सर्वांत महत्त्वाची. घरातल्या वडीलधाऱ्यांची एकेक आठवण मुलाकडून लिहून घ्यावी. एक कोरा कागद तीनदा दुमडला आणि मधोमध एक काप दिला की आठ पानांचे पुस्तक होते. अशी घडीपुस्तके मंडळाच्या कपाटात ठेवायला अध्यक्षांनी एक कप्पा दिला आहे. सध्या त्यात अकरा पुस्तके आहेत. कप्पा मोठा आहे.

ज्या देवाच्या उत्सवासाठी आपण जमलो आहोत, त्याचेच उदाहरण घ्या. महाभारत सांगणारे व्यास आणि लिहून घेणारा गणपती. सांगणारे आपल्या प्रत्येक घरात अजून आहेत. पण ते कायम राहणार नाहीत. लिहून घेणारे हात या सतरंजीवर बसले आहेत. दोघांना एकत्र बसवणे एवढेच मधल्या पिढीचे, म्हणजे आपले काम आहे.

आता मुलांनो, तुमची पाळी. पाउक्वा!

गणपती बाप्पा मोरया!