उसाचा जेठा आणि त्याची भावंडं



कराडच्या प्रीतिसंगमावर कोयना कृष्णेला मिळते. दोन वाटांची एक होते. झाडाचं मात्र उलटं असतं. त्याची वाट एक निघते आणि तिला फाटे फुटत जातात. वर खोडाला फांद्या, खाली मुळाला उपमुळं. आपल्या छातीतली श्वासनळीसुद्धा अशीच दुभंगत बारीक होत जाते. थोड्या जागेत जास्त हवा, ऊन, पाणी गाठायचं, हाच त्यातला हिशेब. आज उसाच्या फाट्यांविषयी, म्हणजे फुटव्यांविषयी बोलू.

उसाला फाटे फुटतात ते जमिनीखाली. कांडीच्या डोळ्यातून पहिला कोंब येतो, त्याला आपण जेठा म्हणतो. जमिनीतल्या त्याच्या बुडाला आखूड कांड्या असतात आणि प्रत्येक पेऱ्यावर एक डोळा असतो. त्या डोळ्यांतून फुटवे येतात आणि फुटव्यांच्या बुडातून पुन्हा फुटवे. प्रत्येकाला आपापली मुळं सुटतात. अशा रीतीनं एका डोळ्याचं बेट होतं.

मग सगळे डोळे एकदम का फुटत नाहीत? कोंबाच्या शेंड्यात एक द्रव्य तयार होऊन खाली उतरतं आणि खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की हा दाब उठतो. तुरीचा किंवा शेवग्याचा शेंडा खुडला की बगलेतून फांद्या येतात, त्या याच कारणानं. निपाणीकडचे तंबाखूवाले शेंडा खुडून वर बगलफूटही काढत राहतात, कारण त्यांना फांद्या नकोत, पान भरायला हवं असतं. म्हणजे नियम एकच, पण आपल्याला काय हवं त्यावर काम ठरतं.

आता गणित बघा. पाच फुटी सरीत दोन फुटांवर एक डोळा लावला, तर एकरी ४,३५६ बेटं बसतात. बेटात दहा ऊस टिकले तर ४३,५६० ऊस झाले. एक ऊस दीड किलो भरला तर ६५ टन, एकच किलो भरला तर साडेत्रेचाळीस टन. तेव्हा बेटात पंचवीस फुटवे दिसले म्हणून हुरळून जाऊ नका. ऊस वाढून सावली पडली की त्यातले बरेच मरतात आणि त्यांनी खाल्लेलं खत-पाणी वाया जातं. फुटवे एका वयाचे आणि बेताचे हवेत. जेठा काढायचा तो यासाठी.

नोकरीच्या पहिल्या वर्षीची गोष्ट सांगतो. एका शेतकऱ्याला मी जेठा काढायला सांगितलं, पण शेत पाहिलं नव्हतं. पाण्याचा फेर लांबलेला, फुटवा एखाददुसराच. मजुरांनी जेठे हातानं उपटले. कितीतरी बेटं मुळासकट वर आली, उरलेली सुकत गेली. तो मला वावगं काही बोलला नाही. "साहेब, आधी बांधावर यायला हवं होतं," एवढंच म्हणाला. तेव्हापासून मी हे सांगताना पुढच्या गोष्टी सोडत नाही :

१. लागणीनंतर साधारण दीड-दोन महिन्यांनी, जेठ्याशेजारी किमान दोन-तीन जोमदार फुटवे असतील तरच जेठा काढावा.

२. उपटू नये. धारदार विळ्यानं किंवा कात्रीनं जमिनीलगत, इंचभर ठेवून कापावा.

३. पाण्याची खात्री नसेल, बेटं विरळ असतील किंवा खोडकिडीनं पोंगे वाळत असतील, तर जेठा राहू द्यावा.

४. नत्राचा ४० टक्के हप्ता सहा ते आठ आठवड्यांनी द्यायचा असतो. तो देऊन बाळबांधणी करावी आणि लगेच पाणी द्यावं.

५. पुरेसे फुटवे झाले की, साधारण चार ते साडेचार महिन्यांनी, मोठी बांधणी करावी. बुडाला मातीची भर बसली की नवा फुटवा थांबतो आणि ऊस सहसा लोळत नाही.

पहिल्या वर्षी सगळ्या रानात हा प्रयोग करू नका. चार सऱ्यांत जेठा काढा, शेजारच्या चार सऱ्यांत ठेवा. तोडणीला दोन्हीकडचे ऊस मोजा, वजन करा. मग पुढच्या लागणीला काय करायचं, ते तुमचं रानच तुम्हाला सांगेल.