खेळाचा शेवट कोणाच्या हाती?



घराघरांतून आज एक वाक्य हमखास ऐकू येते : 'पाचच मिनिटे!' हातात मोबाइल घेतलेला मुलगा ते आईला सांगतो आणि बहुतेक वेळा तो खोटे बोलत नसतो. पाच मिनिटांत उठायचे, असे त्याच्या मनात खरोखरच असते. पाचाची पन्नास मिनिटे होतात. वाढलेले ताट निवून जाते, आई चिडते, वडील मोबाइल हिसकावून घेतात. मग मुलगा वाईट, मोबाइल वाईट की काळच वाईट, यावर घरात वाद रंगतो. वस्तुतः प्रश्न निराळा आहे. तो खेळ संपतो कधी आणि संपण्याची वेळ ठरवतो कोण?

खेळ आपल्या समाजाला नवा नाही. बुद्धिबळाचे मूळ रूप असलेले चतुरंग याच भूमीत जन्मले आणि इराणमार्गे जगभर गेले. सारीपाटाचे फासे राजवाड्यात पडत, तसेच ओसरीवरही पडत. विटीदांडू, लगोरी, आट्यापाट्या ही तर मराठी बालपणाची ओळख. या साऱ्या खेळांना शेवट होता. राजाला मात बसली की डाव संपला, सोंगट्या घरी पोहोचल्या की पट गुंडाळला. अंगणातल्या खेळाचा पंच तर साक्षात सूर्य! दिवेलागण झाली की मुले हातपाय धुऊन देवापुढे बसत, शुभंकरोती आणि परवचा म्हणत. हरलेला गडी उद्या पुन्हा खेळण्याच्या जिद्दीने झोपी जाई.

यंत्रावरील खेळांत हा शेवट पुसट होत गेला. 1984 मध्ये मॉस्कोच्या विज्ञान अकादमीतील संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी 'टेट्रिस' हा खेळ रचला. वरून पडणारे चार-चार चौकोनांचे तुकडे जुळवायचे. आडवी ओळ पूर्ण झाली की ती नाहीशी होते, पण नवे तुकडे पडतच राहतात. मूळ खेळात जिंकण्याची सोयच नाही. डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेतील एका 13 वर्षांच्या मुलाने या खेळाच्या 1989 च्या आवृत्तीवर सुमारे 38 मिनिटे खेळून अखेर आज्ञावलीच गोठवली. तोवर कोणा माणसाला ते साधले नव्हते. त्याच्या एकाग्रतेचे कौतुक झाले, ते रास्तच होते.

मात्र टेट्रिस आणि आजचे फुकटचे खेळ यांत एक मूलभूत भेद आहे. टेट्रिसची पेटी एकदा विकली गेली की व्यवहार पुरा होई. मूल किती वेळ खेळते, यावर विक्रेत्याचा नफा अवलंबून नसे. फुकट मिळणाऱ्या खेळाचे उत्पन्न जाहिरातींतून आणि खेळातील वस्तूंच्या विक्रीतून येते. खेळाडू जितका वेळ बसून राहील, तितकी ही कमाई वाढते. म्हणूनच रोज हजेरी लावणाऱ्याला बक्षीस, एक दिवस चुकला तर साखळी तुटण्याची धास्ती आणि आत काय निघेल हे ठाऊक नसलेल्या पेट्या!

यामागील शास्त्र जुने आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग केले. ठरावीक वेळा टोच मारल्यावर दाणा मिळत असेल, तर दाणा मिळाल्यावर कबुतर थोडे विसावे. दाणा केव्हा मिळेल याचा नेमच नसेल, तेव्हा मात्र ते जवळजवळ न थांबता टोचत राही. 2018 मध्ये बेल्जियमने पैसे देऊन उघडायच्या अशा पेट्यांना जुगार ठरवले, ते उगाच नव्हे.

हे केवळ मुलांपुरतेही नाही. 2006 मध्ये एझा रॅस्किन यांनी पान न उलटता मजकूर अखंड खाली सरकत राहील, अशी रचना तयार केली. पुढे त्यांनीच तिच्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. मुलाला 'पुरे झाले' म्हणणाऱ्या वडिलांचा अंगठा अनेकदा त्याच रचनेवर फिरत असतो!

म्हणून विज्ञानाला दोष द्यावा काय? मुळीच नाही. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै 2025 मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे, वयाच्या 19 व्या वर्षी, महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. संगणकाच्या साहाय्यावाचून आज या पातळीवरची तयारी होत नाही. तसेच खेळणारे प्रत्येक मूल व्यसनी आहे, असेही नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात खेळाच्या विकाराची नोंद आहे. पण स्वतःवरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टी मागे पडणे आणि हानी दिसत असूनही खेळ चालू राहणे, ही लक्षणे साधारणतः वर्षभर असावी लागतात.

शासनसंस्थाही जाग्या झाल्या आहेत. चीनने 2021 मध्ये 18 वर्षांखालील मुलांना ऑनलाइन खेळांसाठी शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी रात्री 8 ते 9 हा एकच तास ठरवून दिला. भारताच्या संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये पैशांवर खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता देणारा कायदा संमत केला. परंतु कायद्याचा हात माजघरापर्यंत पोहोचत नाही. तेथे घरालाच उभे राहावे लागते.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या सुमारे 3000 वस्तीच्या गावाने हे करून दाखवले. करोनाकाळात शिक्षणासाठी हाती आलेला मोबाइल मुलांच्या हातून सुटेना, हे शिक्षकांच्या ध्यानी आले. प्रारंभी कल्पनेची थट्टा झाली. परंतु गावातील महिला पुढे आल्या आणि मालिकांपायी आपलाही वेळ जातो, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. ऑगस्ट 2022 मध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास, गावाने निर्णय घेतला. सायंकाळी 7 वाजता मंदिरावरचा भोंगा वाजे. दूरदर्शन संच आणि मोबाइल बंद होत. 8.30 ला पुन्हा भोंगा होईपर्यंत मुले अभ्यास करीत आणि मोठी माणसे वाचन वा गप्पागोष्टी करीत.

या प्रयोगाचे मर्म भोंग्यात नाही. तो वाजला की मोठ्यांचेही संच बंद होत, हे त्याचे मर्म आहे. एकट्या मुलाला उठवले की त्याला ती शिक्षा वाटते. सारे घर उठले की ती रीत होते.

शहरातील सदनिकेत भोंगा नसेल, तरी रीत घालता येते. खेळ सुरू होण्यापूर्वीच डाव किती वेळाचा, हे मुलाला विचारावे आणि शेवट तेव्हाच ठरवावा. रंगलेल्या डावातून हिसका देऊन उठवू नये. जेवणाच्या वेळी आणि रात्री सर्वांचे मोबाइल एकाच फळीवर ठेवावेत आणि पहिला मोबाइल वडिलांचा असावा. सुटीच्या दिवशी पट मांडून मुलाबरोबर एक डाव खेळावा, त्यात हरावेही.

ज्यांनी हे खेळ रचले, त्यांनी त्यांना शेवट ठेवला नाही. तो ठेवण्याचे काम आता घराकडे आले आहे. आज सायंकाळी दिवा लावताना त्याचा आरंभ करता येईल.