आजाची नोंद कोणाच्या कुलपात?

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावाचा आणि वायद्याचा हिशेब आधीच्या वक्त्यांनी मांडला. त्यात आम्ही भर घालत नाही. आम्ही शेतकी कॉलेजात शिकलो, पंधरा वर्षे बियाणे आणि माती यांच्याबद्दल बोललो. आज मात्र बोलणार आहोत कागदाबद्दल.

आधी एक करू. ज्यांना आपल्या आजाचे नाव सांगता येते त्यांनी हात वर करा. सगळ्यांचे वर. पणज्याचे? निम्मे खाली आले. पणज्याच्या बापाचे? आता इथून दिसतात ते सात-आठ हात. पणज्याच्या आईचे नाव विचारले तर बहुतेक एकही राहायचा नाही, म्हणून विचारत नाही. यात लाजण्यासारखे काही नाही. पूर्वी भाट यायचा, वंशावळ म्हणून दाखवायचा, पायलीभर ज्वारी घेऊन जायचा. नाशिक-त्र्यंबकेश्वरला गेलेल्यांची नावे तिथल्या उपाध्यांच्या वह्यांत लागली. पण कोरडवाहू गावातला गरीब कुणबी, माळी, महार, गोंड तीर्थाला कितीदा जाणार?

तुम्हाला तुमच्या खापरपणज्याचे नाव माहीत नसेल. सरकारला ते माहीत आहे. तहसिलीच्या अभिलेख कक्षात लाल फडक्यात बांधलेल्या बस्त्यात ते असते. 'गणू वल्द कान्हू' असे. वल्द म्हणजे मुलगा. बाई असेल तर 'जौजे' अमुक म्हणजे अमक्याची बायको, आणि 'बेवा' म्हणजे विधवा. आडनाव बहुधा नसतेच, म्हणून शोधणारा आडनाव हुडकत बसतो आणि त्याला काही सापडत नाही. बापाच्या नावावरून शोधावे लागते.

काय काय असते या बस्त्यांत? कोतवाल बुक असते. गावात कोण जन्मले, कोण मेले, ते कोतवालाने सांगायचे आणि नोंद व्हायची. तलाठ्याकडचा जन्म-मृत्यूचा गाव नमुना 14 असतो. हक्क नोंद, फेरफार, कूळ नोंदवही, पेरेपत्रक, 1951 सालचे नागरिकांचे रजिस्टर. मराठवाड्यात खासरा पत्रक आणि पाहणी पत्रक; निजामाच्या काळातले कागद उर्दूतले, आणि साल फसली. फसली 1344 म्हणजे आपले 1934-35. 590 मिळवले की इंग्रजी साल येते. वऱ्हाड 1853 साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला, म्हणून इकडचे कागद वेगळ्या धाटणीचे, मोडीतले आणि बाळबोधातले. वर्धा-नागपूरकडे मालगुजारी होती, तिथे बंदोबस्त मिसल आणि निस्तार पत्रक. एकाच विभागाच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा इतिहास असा तीन राजवटींच्या दप्तरांत वाटला गेला आहे.

एका तालुक्याचे 1918 चे कोतवाल बुक आम्ही पाहिले. त्या सालच्या इन्फ्लुएंझाचा तडाखा मध्य प्रांत-वऱ्हाडाला देशात सर्वांत जबर बसलेल्यांपैकी होता. दसऱ्या-दिवाळीच्या सुमाराची पाने उलटताना हात थांबतो. आजाराच्या रकान्यात ताप, ताप, ताप. एकाच घरातली तिघे आठ दिवसांत गेलेली. वेचणीचे दिवस होते. कापूस कोणी वेचला असेल, असा प्रश्न आमच्यासारख्याच्या मनात आधी येतो. आणि मुलगी जन्मली तर नुसते 'मुलगी', नाव नाही.

आता कोणी म्हणेल, हे कागद आपले कधी होते? खरे आहे. ते आपल्यासाठी लिहिलेच नव्हते. लगान किती काढायचा, कोणाकडून काढायचा, कोण मेला म्हणून कोणाच्या मानेवर बोजा चढवायचा, यासाठी ते लिहिले. शेतकऱ्याची आणि कागदाची जुनी दुष्मनी आहे. 12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली आणि मग पुणे-नगर जिल्ह्यांत ठिकठिकाणी कर्जरोखे, खतावण्या यांची होळी केली. बहुतेक ठिकाणी माणसाला हात लावण्याआधी कागद मागितला जाई, कारण गळफास कागदाचा होता. त्यानंतर 1879 चा दख्खन शेतकरी कायदा आला. त्या शेतकऱ्यांनी केले ते बरोबरच केले असे आमचे मत आहे.

पण दीडशे वर्षांत डाव उलटला आहे. आता कागद नसणे हाच गळफास झाला आहे.

बघा. पोराला जातवैधता पाहिजे. इतर मागासवर्गाला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा, अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950 आणि जमातींना 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचा. ज्याच्या घरात चार पिढ्या शाळा आहे तो शाळेचा दाखला काढून मोकळा होतो. ज्याचा आजा-पणजा शाळेची पायरी चढलाच नाही त्याने कुठून आणायचा? त्याला कोतवाल बुकाचाच आधार. म्हणजे जो जास्त मागे राहिला त्याचीच सगळी भिस्त जुन्या कागदावर, आणि तोच कागद उधईच्या तोंडी.

पांदणीचे घ्या. मोसमात बंडी वावरात न्यायला रस्ता नाही म्हणून धुऱ्याधुऱ्यावर भांडणे. जुन्या गावनकाशात ती गाडवाट तुटक रेषांनी काढलेली असते. नकाशाची नक्कल हातात असली तर अर्धे भांडण तिथेच मिटते.

सातबाऱ्याचे घ्या. हाताने लिहिलेला सातबारा जाऊन संगणकाचा आला. चांगले झाले. पण टायपणाऱ्याने 'गोविंदा'चा 'गोंविदा' केला, एका हिस्सेदाराचे नाव गाळले, 1 हेक्टर 62 आरचा 1 हेक्टर 26 आर केला. महसूल संहितेच्या कलम 155 खाली लेखनातली चूक दुरुस्त होते, पण कशाच्या आधारे? जुन्या हस्तलिखिताच्या. संगणकाविरुद्ध साक्ष देणारा एकच साक्षीदार आहे आणि तो बस्त्यात पडून आहे.

आणि ज्या बाईच्या घरधन्याने फवारणीच्या औषधाची बाटली तोंडाला लावली, तिचे काय? वावर आजेसासऱ्याच्या नावावर. मधल्या दोन मृत्यूंची वारस नोंद कोणी केलीच नाही, कारण घरात वाद नव्हता. आता मदतीसाठी, कर्जासाठी, पोरांच्या हिश्शासाठी तिला तीन पिढ्यांची साखळी जुळवून दाखवायची आहे. कुंकू पुसल्याला महिना झाला नाही तोच ती खिडकीपुढे उभी. तिला सांगतात, 'रेकॉर्ड सापडत नाही.'

रेकॉर्ड का सापडत नाही ते आम्ही एका तहसिलीत आत जाऊन बघितले. नाव सांगत नाही. बहुतेक ठिकाणी तसेच असेल. खोली पश्चिमेकडची, पावसाचे पाणी भिंतीतून झिरपते. खालच्या फळीवरचे बस्ते दगडासारखे घट्ट झालेले, पान उचलले की तुकडा हातात येतो. ज्वारीचे बियाणे साठवताना ओल 12 टक्क्यांच्या वर चालत नाही हे इथल्या प्रत्येक बाईला आकडा न कळता कळते. ती दाण्याला दाताखाली धरून बघते, कणगीत कडुलिंबाचा पाला घालते. एका हंगामाच्या बियाण्याची एवढी काळजी. शंभर हंगामांच्या नोंदीला मात्र एक हवेशीर फळीसुद्धा नाही. तिथल्या कारकुनाला आम्ही दोष देत नाही. तो एकटा, यादी नाही, मोडी त्याला येत नाही. पण त्या अंधारातूनच दलाल जन्माला येतो. साहेबाला न सापडलेले रेकॉर्ड दलालाला पैसे मोजले की दोन दिवसांत कसे सापडते?

मॉरिशसचे उदाहरण ऐका. 1834 पासून पुढे हिंदुस्थानातून सुमारे साडेचार लाख माणसे उसाच्या मळ्यांवर गिरमिटिया मजूर म्हणून तिथे गेली. मुंबई बंदरातून कोकणातली, घाटावरची मराठी माणसेही गेली. मळेवाल्यांना पळालेला मजूर धरायचा होता, म्हणून प्रत्येकाचे नाव, बापाचे नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, गाव, परगणा, जिल्हा लिहून ठेवले. पुढे फोटोही काढले. हेतू किती नीच! पण तेच रजिस्टर आज मोका गावच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवले आहे. पाचव्या पिढीचा नातू तिथे जातो, आपला पूर्वज कोणत्या जहाजातून, कोणत्या गावाहून आला ते शोधतो. सात समुद्रांपलीकडे गेलेल्याच्या नातवाला आपले गाव सापडते. गाव न सोडलेल्याच्या नातवाला गावातच आजा सापडत नाही.

कायदा आपल्या बाजूने आहे, हे ध्यानात ठेवा. महसूल संहितेच्या कलम 327 प्रमाणे नकाशे आणि जमिनीचे अभिलेख फी भरून बघता येतात, नकला मिळतात. माहिती अधिकाराचा 2005 चा कायदा कलम 4 मध्ये सांगतो की प्रत्येक कार्यालयाने अभिलेखांची सूची करून ठेवली पाहिजे. कलम 8(3) सांगते की 20 वर्षांपूर्वीच्या गोष्टींची माहिती काही मोजके अपवाद सोडता नाकारता येत नाही. महाराष्ट्राचा सार्वजनिक अभिलेखांचा 2005 चा कायदाही आहे. कागद नियमाबाहेर नष्ट करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तेव्हा 'सापडत नाही' हे तोंडी उत्तर घेऊन घरी येऊ नका. लेखी मागा. लेखी मागितले की निम्मे रेकॉर्ड आपोआप सापडते.

आणि हे काम होण्यासारखे आहे, हेही आता सिद्ध झाले आहे. 2023 साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधायला जिल्ह्याजिल्ह्यात वर्षानुवर्षांचे बस्ते सुटले. मोडी वाचणारे, उर्दू वाचणारे बोलावले, पाने स्कॅन झाली, लाखो नोंदी बाहेर आल्या. आरक्षणाच्या वादात आम्ही इथे शिरत नाही. आमचा मुद्दा एवढाच, की सरकारच्या मनात आले तेव्हा बस्ता सुटला. पण शोध एका प्रकारच्या नोंदीचा होता. त्याच पानावर धनगर, बंजारा, मांग, कोलाम यांची नावे होती. ती यादीत आली नाहीत. एकदा पान उघडलेच आहे तर त्यावरचे प्रत्येक नाव, बापाच्या नावासकट, गाववार यादीत आले पाहिजे आणि ती यादी ग्रामपंचायतीत ठेवली पाहिजे. ई-अभिलेख म्हणून जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन करण्याचे काम सरकारने केले आहे, काही जिल्ह्यांत ते घरबसल्या बघता येतात. पण ज्या फोटोला नावांची सूची नाही तो फोटो म्हणजे भाव न लावलेल्या कापसाची गंजी. असून विकता येत नाही.

कोणी म्हणतात, सगळ्यांना उघडे केले तर खाडाखोड होईल, खोट्या नोंदी घुसतील. आम्ही उलट म्हणतो. खाडाखोड कुलपाच्या आत होते. मूळ कागद कोणाच्या हाती देऊ नका, पण त्याची प्रत हजार लोकांनी पाहिलेली असली तर खोडणाऱ्याची छाती होत नाही.

आपल्या घरचे काम आपण करायचे आहे. आजच्या सातबाऱ्यावर वर्तुळात फेरफाराचे आकडे असतात, ते उतरून घ्या. त्या फेरफाराची नक्कल काढा; त्यात कोण मेला आणि वारस कोण ते लिहिलेले असते. त्यावरून मागचा फेरफार, त्यावरून हक्क नोंद. अशी एकेक पायरी मागे गेले की दोन-तीन पिढ्या बहुधा सापडतात. घरातल्या म्हातारीला विचारा. बायकांची नावे आणि माहेरची गावे कागदापेक्षा तिच्याकडे जास्त आहेत. वारस नोंद करताना बहिणींची, मुलींची नावे गाळू नका. ती गाळली तर पुढच्या पिढीला त्या होत्या हेही कळणार नाही, आणि हक्क तर आधीच गेलेला असेल. पत्र्याच्या पेटीतले जुने खरेदीखत प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका. दोन्हींनी कागद मरतो. सुती फडक्यात गुंडाळा, चुलीपासून आणि ओलीपासून दूर ठेवा, मोबाईलवर फोटो काढून भावकीत पाठवा. वाचता येत नाही म्हणून रद्दीत तर मुळीच टाकू नका. मोडीचे वर्ग पुराभिलेख खाते घेते; नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला त्यांची कार्यालये आहेत. प्रत्येक तालुक्यातून दोन पोरे आणि दोन पोरी शिकायला पाठवायची असे आम्ही ठरवतो आहोत. नावे आज द्या.

जेवणानंतर मंडपाच्या डाव्या बाजूला टेबल मांडले आहे. ज्यांनी कागद आणले आहेत त्यांनी तिथे यावे. मोडी वाचणारे दोन गुरुजी आले आहेत, पैसे घेणार नाहीत. अभिलेखांच्या सूचीची मागणी करणारा अर्ज छापून आणला आहे. आपल्या तहसिलीचे नाव घालून सही करा आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पुढच्या बैठकीला पोच सोबत आणा, कोणत्या तहसिलीने काय उत्तर दिले ते याच अंकात छापू.