फुकटचं वायफाय आणि आपली ओटीपीची सवय

पिंपरी-चिंचवडमध्ये घरून काम करणाऱ्यांना गुरुवार म्हणजे काय ते सांगायला नको. महावितरणचं देखभालीचं काम निघतं, लाइट जाते, सोसायटीचा जनरेटर लिफ्टपुरता असतो, आणि इन्व्हर्टरवर दोन-तीन तास काढून राउटर मान टाकतो. मग वाकड, पिंपळे सौदागर, मोशी, जिथे असाल तिथल्या कॅफेत लॅपटॉपवाल्यांची गर्दी. पासवर्ड भिंतीवरच्या पाटीवर लिहिलेला असतो. एक कटिंग किंवा कॉफी सांगायची, नेटला जोडायचं आणि स्टँडअपला हजर. हे कितपत सुरक्षित आहे, यावर आज बोलतोय.

आधी एक जुनी भीती बाजूला करू. ऑक्टोबर 2010 मध्ये फायरशीप नावाचं फायरफॉक्सचं एक्स्टेन्शन आलं होतं. ते टाकलं की त्याच ओपन वायफायवर बसलेल्या दुसऱ्याच्या फेसबुकमध्ये दोन क्लिकमध्ये शिरता यायचं, कारण लॉगिननंतरची कुकी उघडीच जायची. आता बहुतेक साइट एचटीटीपीएसवर आहेत. तुम्ही कोणत्या साइटवर गेलात एवढं नेटवर्कवाल्याला कळू शकतं, पण पानावर काय लिहिलंत ते कळत नाही. पाटीवरच्या पासवर्डवर मात्र विसंबू नका. डब्ल्यूपीए2 मध्ये तोच पासवर्ड माहीत असलेला शेजारच्या टेबलावरचा माणूस, थोडी खटपट केली तर, तुमचं ट्रॅफिक हवेतून उलगडू शकतो. तुम्हाला खरं वाचवतं ते एचटीटीपीएस.

मग धोका कुठे आहे? माझ्या मते, जोडल्या जोडल्या जे पान समोर येतं त्यात. "मोबाइल नंबर टाका, ओटीपी टाका."

हे पान आपल्याकडे इतकं रुळलं कसं, त्याची गोष्ट महाराष्ट्रातलीच आहे. 26 जुलै 2008 ला अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला होता. आयपी पत्त्याचा माग काढत एटीएस नवी मुंबईत सानपाड्याला एका फ्लॅटवर पोचली. तिथे राहणाऱ्या अमेरिकन माणसाची चौकशी झाली, त्याचे कॉम्प्युटर ताब्यात घेतले गेले. तपासात निघालं असं की त्याचं वायफाय वापरून तिसऱ्याच कोणीतरी मेल पाठवला होता. पुढे ऑगस्टमध्ये माटुंग्याच्या खालसा कॉलेजचं आणि सप्टेंबरमध्ये, दिल्लीच्या स्फोटांच्या वेळी, चेंबूरच्या एका कंपनीचं वायफाय असंच वापरलं गेलं. त्यानंतर फेब्रुवारी 2009 मध्ये दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना सूचना काढल्या की वायफाय वापरणाऱ्याची ओळख पटलीच पाहिजे. स्टेशनवर, विमानतळावर, मॉलमध्ये आज जो ओटीपी मागतात त्याचं मूळ इथे आहे.

सरकारचं चुकलं असं मी म्हणत नाही. माग लागायला हवाच. पण त्याचा एक परिणाम असा झाला की वायफायला जोडल्यावर जे पान येईल त्यावर नंबर आणि ओटीपी टाकायची सवय आपल्या बोटांना लागली. कोण मागतंय, हे आपण बघतही नाही.

आता समजा, कोणी कॅफेच्याच नावाचं दुसरं हॉटस्पॉट चालू केलं. त्याला काही हजारांचं यंत्र पुरतं, खरं तर लॅपटॉपही पुरतो. तुम्ही त्याच्या पानावर नंबर टाकला. त्याच क्षणी त्याने स्वतःच्या फोनवर तुमच्या नंबरने व्हॉट्सअ‍ॅप चालू करायला घेतलं. तुम्हाला सहा आकडे येतात, तुम्हाला वाटतं वायफायचेच आहेत, तुम्ही ते टाकता. झालं, खातं गेलं. एसएमएसमध्ये "व्हॉट्सअ‍ॅप कोड" असं स्पष्ट लिहिलेलं असतं, पण नोटिफिकेशनमधून आपण फक्त आकडे उचलतो. म्हणून मेसेज पूर्ण वाचा, आणि व्हॉट्सअ‍ॅपचं टू-स्टेप व्हेरिफिकेशन आजच चालू करा.

हे कल्पनेतलं नाही. ऑस्ट्रेलियात 2024 मध्ये एका माणसावर गुन्हा दाखल झाला. देशांतर्गत विमानात आणि विमानतळांवर तो खोटं वायफाय लावायचा, आणि त्याचं पान ईमेल किंवा सोशल मीडियाचं लॉगिन मागायचं. संशय आला तो विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांना. आपल्याकडचं रेलवायर असो की कॅफे, नंबर आणि ओटीपीच्या पुढे कोणी गूगलचा पासवर्ड, ऑफिसचा ईमेल, कार्ड नंबर मागितला तर तिथेच डिस्कनेक्ट करा.

इथवर गेलं तर तुमचं वैयक्तिक खातं जातं. चाकणकडे काम करणाऱ्यांचं जरा वेगळं आहे. ऑटोमेशनवाली, मेंटेनन्सवाली मुलं तळेगाव चौकाच्या ट्रॅफिकमध्ये अडकली की जवळच्या हॉटेलात बसून एनीडेस्कने लाइनवरचा पीएलसी उघडतात. त्यांच्यासाठी जपानमधलं एक उदाहरण सांगतो. ते सार्वजनिक वायफायचं नाही, पण दूरच्या जोडणीचं आहे. टोयोटाला प्लॅस्टिकचे पार्ट पुरवणारी कोजिमा इंडस्ट्रीज, तिच्या उपकंपनीचं एक रिमोट कनेक्शनचं यंत्र, त्यातल्या त्रुटीतून हल्लेखोर आत शिरले. 1 मार्च 2022 ला टोयोटाचे जपानमधले 14 कारखाने, 28 लाइनी, दिवसभर बंद. एका व्हेंडरमुळे! चाकणचा माल तासाच्या हिशोबाने लाइनवर जातो, तेव्हा इथे काय होईल ते तुम्हीच सांगा. कॅफेतून मशीनला हात घालायचाच असेल तर कंपनीच्या व्हीपीएनमधून आणि टू-फॅक्टरनेच. सगळ्या प्लांटला एकच एनीडेस्क पासवर्ड ठेवणाऱ्यांना मी काय सांगणार!

व्हीपीएनचं निघालंच आहे तर, जाहिरातीतली फुकट व्हीपीएन अ‍ॅप टाकू नका. कॅफेवाल्यावर विश्वास नाही म्हणून अनोळखी कंपनीवर सगळं ट्रॅफिक सोपवण्यात काय अर्थ आहे? शिवाय सर्ट-इनच्या एप्रिल 2022 च्या आदेशाने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायला सांगितल्यावर नॉर्ड, एक्सप्रेस, सर्फशार्क यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. ऑफिसचं असेल ते वापरा.

मी स्वतः काय करतो? लाइट गेली की आधी मोबाइलचा हॉटस्पॉट. दिवसाचा डेटा मीटिंगांना पुरतो, फक्त व्हिडिओ बंद ठेवतो. बेसमेंटच्या कॅफेत रेंज नसेल तरच त्यांचं वायफाय, आणि काउंटरवर नाव विचारून. उठताना "फर्गेट" करतो, नाहीतर पुढच्या वेळी त्याच नावाच्या कुठल्याही नेटवर्कला फोन आपणहून जोडला जातो. ब्राउझरने सर्टिफिकेटची लाल सूचना दाखवली तर "तरीही पुढे जा" दाबत नाही, मग क्लायंट कॉलवर वाट बघत असला तरी. तो पाच मिनिटं थांबतो हो.

आणि घरचं राउटर? बसवून देणाऱ्याने ठेवलेला पासवर्ड अजून तोच असेल, तर सानपाड्याचा तो फ्लॅट आठवा. त्यावर पुढच्या भागात बोलू.