कांदेनवमी ते चंपाषष्ठी

काशीतला आमचा दुर्गाघाट मराठी वस्तीचा. आजी दरवर्षी चातुर्मास पाळायची, मी चेष्टा करायचे. ती गेल्यावर पाळणारं कुणी उरलं नाही, म्हणून यंदा मी धरला. कांदेनवमीला पोटभर भजी खाल्ली आणि आषाढी एकादशीपासून कांदा, लसूण, वांगं बंद.

पहिला आठवडा शेजारच्या फोडणीच्या वासानंच छळलं. मग लक्षात आलं, माझ्या भाज्या वेगवेगळ्या नव्हत्याच; सगळीकडे एकच कांदा-लसणाचं वाटण! हिंग, जिरं, आलं नव्यानं शिकले. आजीची आमटी मात्र अजून जमली नाही.

चंपाषष्ठीला रामनगरचं वांगं भाजलं, २०२३ला जीआय मानांकन मिळालेलं. भरितात कांदा थोडा कमीच चिरला.